सुरगाठ

वरंधा घाटात वाघजाईच्या देवळाशेजारी चहा-भज्यांच्या टपऱ्या आहेत. दिवाळी होऊन आठेक दिवस झालेले, सकाळी दहाचं ऊन, खाली महाडच्या बाजूला अजून धुकं साचलेलं. भोरकडून एक वाडा, म्हणजे धनगरांचं मेंढरांमागून फिरणारं बिऱ्हाड, उतरत आला. मेंढरं गड्यांबरोबर पहाटेच पुढे गेली असावीत, कारण मागून नुसतं बिऱ्हाड चाललं होतं. तीन घोड्या, दोन कुत्री, तीन बायका, पोराटोरांचा घोळका, आणि मधल्या घोडीची दोरी धरलेली पंधरा-सोळा वर्षांची एक पोरगी. टपरीच्या थोडं अलीकडे, वळणावर, तिच्या घोडीवरचं ओझं पुढे मानेवर घसरलं, मग डावीकडे कललं आणि काही कळायच्या आत पोटाखाली लोंबायला लागलं. डालग्यातल्या कोंबड्यांनी आकांत मांडला. एक जर्मनचं पातेलं ठणठणत उतारावरून पळत सुटलं. पोरीने आधी वरची दोन कोकरं काढून एका पोराच्या हातात दिली आणि मग दोरीला हात घातला. गाठ सुटेना. तिने निरगाठ मारली होती. नखं लावून झाली, दात लावून झाले, शेवटी तिने कमरेचा विळा काढला आणि दोरी कापली.

या सगळ्या वेळात तिची आई दोन हातांवर, रस्त्याच्या अंगाला, हाताची घडी घालून उभी होती. मागे दोन ट्रक आणि एक एसटी खोळंबलेली, भोंगे वाजत होते. टपरीवरचा एकजण मदतीला उठला तर तिने नुसती मान वळवली. "ऱ्हाऊ द्या. करंल ती." पोरीने सगळं उतरवलं, पुन्हा लादलं. वीस-पंचवीस मिनिटं गेली. कापलेली दोरी आता तोकडी पडत होती, तिला दुसऱ्या घोडीवरचा तुकडा जोडला. मग वाडा वळणाआड गेला.

"आई म्हणायची का काय," टपरीवाल्या बाई कढईतली भजी उलटताना पुटपुटल्या.

घोडी लादणं हे बघायला गोणी टाकण्याइतकं सोपं काम आहे. प्रत्यक्षात त्याला क्रम आहे आणि क्रम चुकला की त्याची शिक्षा घोडीला होते. आधी पाठीवर जुनी घोंगडी चौघडी करून टाकायची. तिला चुणी राहता कामा नये, कारण दिवसभराच्या चालीत एका चुणीची जखम होते, आणि खांद्यामागची पाठ एकदा सोलली की ती घोडी महिनाभर कामातून गेली. त्यावर खोगीर. मग तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळायचा. नेमकी या वेळी घोडी पोट फुगवून धरते. बहुतेक सगळ्या धरतात, त्यांना ते कुणी शिकवलेलं नसतं. नवखं माणूस तंग आवळून मोकळं होतं आणि मैलभर गेल्यावर तो चार बोटं सैल पडलेला असतो. म्हणून घोडीला वीसेक पावलं फिरवून आणायची, तिने श्वास सोडला की पुन्हा आवळायचा, खाली दोन बोटं जातील इतकाच. घाट उतरायचा असेल तर शेपटीखालची दुमची बघायची, चढायचा असेल तर छातीवरचा पट्टा. दोन्ही अंगांना धान्याची पोती, वजनाला सारखी. काटा नसतो, हाताने तोलायचं, आणि हलक्या बाजूला वरवंटा सरकवायचा. त्यावर वाकळा, मेंढ्या कोंडायची जाळी म्हणजे वाघर, पालाचं कापड, लांबीला काठ्या, मग भांडी. अगदी वर कोंबड्यांचं डालगं आणि आठवड्याच्या आतली कोकरं, जी चालू शकत नाहीत. कधीकधी त्यांच्या शेजारी माणसाचं लेकरूही तसंच टेकवलेलं असतं, एकमेकांकडे बघत दोघं घाट उतरतात. या सगळ्यावरून एक दोरी दोनदा फिरते आणि शेवटी गाठ.

ही गाठ सुरगाठच हवी. एक टोक ओढलं की सुटणारी. घोडी ओढ्यात पाय घसरून पडली, भोंग्याने बुजून उधळली, तर ओझं एका हिसक्यात मोकळं झालं पाहिजे. नाहीतर पडलेल्या घोडीला उठता येत नाही, ती लाथा झाडते आणि वरची कोकरं चेंगरतात. निरगाठ मारणारं माणूस बहुतेक वेळा घाबरलेलं असतं. त्याला वाटतं, ओझं पडू नये एवढंच आपलं काम. ओझं कधीतरी पडणारच आणि तेव्हा काय करायचं, हा विचार करून गाठ मारायला दोन-तीन घाट उतरावे लागतात.

वाड्यातल्या पोरीच्या वयाचा हिशेब असाच असतो. शाळेच्या दाखल्यावर १ जून लिहिलेलं असतं, आधारकार्डावर १ जानेवारी, आणि आईला विचारलं तर "मेंढरांवर देवी आली हुती, त्या साली पोटात हुती" असं उत्तर. देवीची साथ कुठल्या साली आली हे मग चुलत्याला आठवावं लागतं. त्यामुळे पोरगी मोठी कधी झाली, हे तारखेने सांगता येत नाही. कामांनी सांगता येतं. पाच-सहाव्या वर्षी ती बिऱ्हाडामागून चालते आणि मागे राहिलेलं कोकरू उचलते. आठव्या-नवव्या वर्षी तळावरच्या कोकरांची राखण. दहा-बाराव्या वर्षी पाणी, सरपण, भाकरी. मग आजारी, लंगड्या मेंढ्यांचा छोटा खांडवा घेऊन जवळपास चारायला जाणं. आणि मग कधीतरी एखाद्या पहाटे घोडीची दोरी हातात येते. समारंभ नसतो. आई दुसऱ्या घोडीकडे वळलेली असते, एवढंच.

तळ टाकणं हे त्याच्या पुढचं काम. माण, खटाव, फलटण, सांगोला, जत, पारनेर हा सगळा पर्जन्यछायेतला मुलूख, वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. दसरा-दिवाळीनंतर रानातलं गवत संपतं आणि वाडे निघतात. कुणी कोकणात, कुणी मावळात, कुणी मराठवाड्याकडे. कोकणात तेव्हा भाताची कापणी झालेली असते, खाचरं मोकळी असतात. शेतकऱ्याला खत हवं असतं, धनगराला चारा. मेंढ्या शेतात बसवायच्या, रात्रीच्या लेंड्या-मुताच्या बदल्यात भात किंवा रोकड घ्यायची, दोन-चार रात्रींनी पुढचं शेत. कुठल्या गावाला जायचं, किती रात्री बसायचं, किती घ्यायचं हे कारभारी आणि इतर पुरुष ठरवतात. पण ठरवलेल्या शेतात पोचल्यावर तळ नेमका कुठे टाकायचा, हे बायकांच्या हातात असतं आणि त्यातलं चुकलेलं रात्री समजतं. खाचराचा सखल कोपरा सोडायचा, दव साठतं, खुरं ओली राहतात आणि मेंढ्या लंगडायला लागतात. वाऱ्याची पाठ बघून पाल लावायचं. कोकरांचा कोंडवाडा पालाला इतका चिकटून हवा की झोपेत हात पडला तर एखाद्याचा कान लागावा. लांडगा मोठ्या मेंढ्यांत घुसायच्या आधी कोकरांकडे येतो आणि अलीकडे उसाच्या पट्ट्यातून जाताना बिबट्याची भीती त्याहून जास्त. वाघरीच्या खुंट्या घट्ट ठोकायच्या, म्हणजे मेंढ्यांनी आतून दाब दिला तरी जाळी ताठ राहते. चूल वाघरीपासून लांब. कुत्री चारी बाजूंना आपापली जागा घेतात, त्यांना सांगावं लागत नाही.

रात्री दोनच्या सुमाराला एखादी पहिल्या वेताची मेंढी बाजूला होते. पुढच्या खुराने जमीन उकरते, बसते, उठते, पुन्हा बसते. १५० दिवस भरलेले असतात, पण ते मोजलेले नसतात, कास आणि मागचा भाग बघून घरातल्या बायकांना दोन दिवस आधी कळलेलं असतं. पाणमोट दिसली की अर्धा-पाऊण तास थांबायचं. पुढची दोन खुरं आणि त्यांवर टेकलेलं नाक, विहिरीत सूर मारणाऱ्या पोरासारखं, असं दिसलं तर काही करायचं नाही. लांब बसायचं. खुरं दिसली आणि नाक नाही, तर बहुधा मान मागे वळलेली आहे. इथे कुणी घाईने पाय ओढले की कोकरू जातं आणि पुष्कळदा पिशवी फाटून मेंढीही जाते. गड्यांचे हात या कामाला जाड पडतात. म्हणून हाक पोरीला येते, वाड्यातला सगळ्यात बारीक हात तिचा.

नखं ब्लेडने तासायची. बांगड्या मागे सारून फडक्याने बांधायच्या. कोपरापर्यंत साबण, मग गोडेतेल. आई मेंढीचा मागचा भाग मांडीवर उचलून धरते, म्हणजे आतलं ओझं पुढे सरकतं आणि हाताला जागा होते. दोन कळांच्या मध्ये, कळ चालू असताना अजिबात नाही, कोकराला तळव्याने मागे रेटायचं. कळ आली की हात तिथेच ठेवून थांबायचं. मनगट असं आवळलं जातं की बोटं बधिर होतात. बॅटरीचा उजेड आत काही कामाचा नसतो, बहुतेकजणी डोळे मिटूनच घेतात. हाताला लागलेला पाय पुढचा की मागचा, हे सांध्यावरून ओळखायचं. खुरापासूनचे पहिले दोन सांधे एकाच दिशेला दुमडले तर पुढचा, उलटसुलट दुमडले तर मागचा. जुळं असेल तर एक पाय एकाचा आणि दुसरा दुसऱ्याचा हातात येऊ शकतो, म्हणून पाय धरून तसंच छातीपर्यंत बोट न्यायचं आणि खात्री करायची. मग मान चाचपत जबडा. नाक सापडलं की त्यावर हाताची वाटी करायची, कोकराचे दात पिशवीला लागू नयेत म्हणून, आणि मान हळूहळू वळवून आणायची. नाक खुरांवर आलं की पुढचं सोपं. कळेबरोबर ओढायचं, सरळ मागे नाही, खाली, मेंढीच्या मागच्या ढोपरांच्या दिशेने.

बाहेर आलेलं कोकरू आधी पिवळट, निपचित, मेल्यासारखंच दिसतं. तोंडानाकातला चिकटा बोटाने काढायचा, नाकपुडीत गवताची काडी फिरवायची. शिंकलं की जगलं. नाळेला आयोडीन, हळदीवर भागवू नये. तासाभरात पोटात चीक गेला पाहिजे, ३ किलोच्या कोकराच्या पोटात पहिल्या दिवसभरात किमान ३०० मिलिलिटर. इथे एक बारीक गोष्ट हमखास विसरली जाते. सडाच्या टोकाशी मेणासारखी बूच बसलेली असते. ती दोन धारा पिळून काढली नाही तर कोकरू चोखत राहतं, दमतं, आणि सकाळी लोक म्हणतात मेंढीला दूधच नव्हतं. पहिल्या वेताची मेंढी कधीकधी बावचळते, कोकराला डोक्याने ढकलते. मग त्याच्या अंगाला मीठ चोळून तिच्या नाकापुढे धरायचं. तरी ऐकेना तर कुत्रं जवळ आणायचं. कुत्रं बघितल्यावर पुष्कळजणींना आपण आई आहोत हे आठवतं.

दुसऱ्या दिवशी याचं कौतुक होत नाही. फक्त पुढची मेंढी अडते तेव्हा हाक आईला न जाता थेट पोरीला जाते.

संध्याकाळचा अर्धा तास ज्याने पाहिला नाही त्याला वाड्यातलं डोकं कसं चालतं ते कळायचं नाही. दिवसभर चरलेल्या मेंढ्या परत येतात आणि कोंडलेली कोकरं सोडली जातात. शंभर-दीडशे आया आणि तितकीच पोरं एकाच वेळी ओरडतात, धुळीने समोरचं दिसत नाही. मेंढी आपलं कोकरू वासावरून ओळखते, पण कोकरू भुकेपोटी कुठल्याही कासेला तोंड लावतं आणि टोले खातं. त्या गर्दीत पोरगी उभी असते. कुठल्या मेंढीचा एक सड मुका आहे, कुणाची आई वाटेत मेली आणि त्याला आता शेळीवर पाजायचं आहे, कुठलं कोकरू दोन दिवस चोरूनच पितंय, हे सगळं तिच्या डोक्यात. बाहेरच्या माणसाला सगळ्या काळ्या मेंढ्या सारख्या. तिला त्या तोंडाने माहीत असतात. आणि हो, फलटणच्या निंबकर संस्थेने नारी सुवर्णा नावाची मेंढी तयार केली आहे. सुंदरबनातल्या गारोळ मेंढीतलं जुळ्यांचं जनुक त्यांनी दख्खनी मेंढीत आणलं. शास्त्र म्हणून ते कौतुकाचंच, आणि ज्याच्या घरी चारा आहे त्याला फायद्याचंही. पण चालत्या वाड्यात प्रत्येक जुळं म्हणजे बाटली, दूध, घोडीवरची आणखी एक जागा आणि कुणातरी पोरीची आणखी एक जागलेली रात्र. उत्पन्नाच्या गणितात हा आकडा धरलेला दिसत नाही.

चारायला एकटीने जाण्याची भीती वेगळी. लोकांना वाटतं लांडग्याची. लांडगा दुपारी क्वचित येतो. परतीच्या वाटेवर, घाटमाथ्यावर, ज्वारी काढलेली रानं लागतात आणि बुडख्यांना गुडघ्याएवढे हिरवे फुटवे आलेले असतात. पाण्याचा ताण बसलेल्या त्या कोवळ्या फुटव्यांत विष असतं. भुकेली मेंढरं त्यात घुसली की दहा-पंधरा मिनिटांत तोंडं वासून धापा टाकायला लागतात, लटपटतात, पडतात. किराळ लागली म्हणतात ती हीच. औषध डॉक्टरकडे असतं आणि डॉक्टर दहा मैलांवर. त्यामुळे शहाणपण सगळं आधीचं. मेंढरांची पोटं दुसऱ्या रानात अर्धी भरल्याशिवाय ज्वारीच्या बांधाला जायचं नाही, आणि हिरवं दिसलं की आपण पुढे उभं राहायचं. पोरगी हे पुस्तकात शिकलेली नसते. तिने अकराव्या-बाराव्या वर्षी डोळ्यांसमोर पाच-सात मेंढ्या पडताना पाहिलेल्या असतात आणि त्यानंतर रात्री वडिलांनी न बोलता भाकरी सारली होती, ते तिला आठवतं.

दुसरी भीती माणसांची. पाण्यासाठी विहिरीवर जायचं, तर मालकाशी बोलावं लागतं. आवाज कुठल्या पट्टीत ठेवायचा, काका म्हणायचं की मालक, कुणाला मान वर करून उत्तर द्यायचं आणि कुणासमोर नुसतं कुत्र्याला जोरात हाक मारून निघून जायचं, हे सगळं ती पंधराव्या वर्षापर्यंत शिकते. कोकणात आंब्याच्या कलमाला मेंढीने तोंड लावलं की शिव्या ठरलेल्या. त्या शिव्या चरायला नेणाऱ्या पोरीला पडतात. घरी आल्यावर त्या ती सांगेलच असं नाही, कारण सांगितलं तर उद्यापासून धाकट्या भावाला बरोबर पाठवतील आणि तो तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे.

अंगावरचं पहिलं येणं बऱ्याचजणींना असंच कुठेतरी वाटेवर गाठतं. आडोसा म्हणजे एखादी घाणेरीची जाळी. कापड धुवायला पाणी नाही, वाळवायला दोरी आहे पण ती सगळ्यांसमोर, मग ते वाकळेखाली दमट वाळतं. चार दिवस देवाच्या टाकांना शिवायचं नाही, ते ज्या घोडीवर असतात ती दुसरीने लादायची. पण त्याच चार दिवसांत मेंढी अडली तर हात धुवून पोरीनेच बसायचं. तेव्हा विटाळ कुणाला आठवत नाही. बिरोबाला हे पटतं का, असं कुणी विचारत नाही, आणि बिरोबा जनावरांचाच देव असल्यामुळे त्याला पटत असावं.

एक काम मात्र तिच्या हातून कायमचं गेलं. आजीच्या पिढीपर्यंत चालता चालता टकळीवर लोकर कातली जायची. मेंढ्या वर्षातून दोनदा कातरायच्या, कोकराची पहिली कातर म्हणजे जावळ, त्याची घोंगडी सगळ्यात मऊ. सूत सनगराकडे किंवा खुटेकराकडे जायचं, तो ताण्याला चिंचोक्याची खळ लावून मागावर घ्यायचा. दख्खनी मेंढीची लोकर वर्षाला अर्धा किलोच्या आसपास, जाडीभरडी, आणि आता तिला मिळणाऱ्या भावापेक्षा कातरणावळ जास्त होते. वाडेही मटणाकडे झुकले. जतकडची माडग्याळ मेंढी, पोपटासारख्या नाकाची, उंच, तांबूस ठिपक्यांची, अंगावर लोकर जवळजवळ नाही, झपाट्याने वाढते, बाजारात उठते. यात चूक कुणाची नाही. पण सूत हे बायकांच्या हातचं उत्पन्न होतं, थोडंसं का असेना, आणि मटणाचे पैसे बाजारात पुरुषाच्या खिशात येतात. आजीची टकळी अजून एखाद्या बाचक्याच्या तळाशी सापडते. नातीला ती फिरवता येत नाही. तिला मोबाइलवर हवामान बघता येतं.

आणि वाचता येतं, चौथीपर्यंत का होईना. आजीजवळ गावी ठेवून शिकवलेलं असतं, मग आजी थकते किंवा वाड्यावर हात कमी पडतात आणि पोरगी परत बोलावली जाते. भाऊ असेल तर तो वसतिगृहात राहतो. पण त्या चार इयत्तांचा उपयोग मे महिन्यात होतो. पावसाआधी आंत्रविषाराची लस टोचायची असते, पंधरवड्याच्या अंतराने दोनदा, कारण पहिल्या पावसाच्या लुसलुशीत गवतावर तुटून पडलेली धडधाकट मेंढी संध्याकाळी बरी आणि सकाळी मेलेली सापडते. बाटली बर्फात ठेवलेली हवी, २ ते ८ अंशांत. मुदत बघायची. घरातल्या चार पुरुषांमध्ये बाटलीवरची तारीख वाचणारी ती एकटी असते. तिने "ही संपलीया" म्हटलं तर दुकानात जाऊन बाटली परत केली जाते, कुरकुर न करता. त्या क्षणी ती वाड्याची कारभारीण असते. संध्याकाळी कुठल्या गावाला निघायचं याची बैठक बसते तेव्हा ती चहा देते.

जेजुरीला गड चढताना अर्ध्या वाटेवर बानूचं देऊळ लागतं. खंडोबा चाकर होऊन तिच्या बापाच्या घरी मेंढरं राखायला राहिला, बारा वर्षं. त्याने मेंढरं मारली आणि पुन्हा जिवंत केली, त्या बोलीवर बानू मिळवली. गाण्यांत तिचं रूप आहे, म्हाळसेशी भांडण आहे. ती मेंढरं कुणी सांभाळली होती, देव यायच्या आधी ती कुणाच्या हातावर वाढली होती, याबद्दल गाणी गप्प आहेत.

बहुतेक वाड्यांत प्रत्येक भावाच्या मेंढ्यांना वेगळी खूण असते. कुणाची कानाला चीर, कुणाचा पाठीवर तांबडा रंग, कुणाचा निळा. पोरीची खूण नसते. ती ज्यांना जन्मताना हात घालून ओढून काढते, त्यांच्या कानाला दुसऱ्या महिन्यात भावाची चीर पडते. सरकारची महामेष योजना आहे, २० मेंढ्या आणि १ नर, ७५ टक्के अनुदानावर, महिलांसाठी ३० टक्के राखीव. अर्जाला १८ पूर्ण लागतात. लग्नालाही कायद्याने १८ च लागतात, पण अजून पुष्कळ ठिकाणी ते त्याआधीच उरकलं जातं, आणि मग अर्ज करायचा तर सासरच्या कागदांवर. पिकअप घेतलेल्या भावांच्या गाडीच्या काचेवर अहिल्यादेवींचं चित्र असतं. गाडी भावाच्या नावावर असते. पोरीही हे बोलून दाखवतात, अगदी हसत. एकीने म्हटलं होतं, "माज्या नावावं निस्ती घोडीची लाथ हाय," आणि नडगीवरचा वळ दाखवला होता.

तरी या आयुष्याची नुसती कीव केली तर त्या पोरी चिडतात, आणि त्यांचं बरोबर आहे. पहाटे तळ हलताना पाच पोती, दोन पालं, चाळीस कोकरं आणि तीन मुलं अर्ध्या तासात घोड्यांवर चढलेली असतात, रात्री इथे कुणी राहिलं होतं याची खूण म्हणजे तीन काळे दगड आणि लेंड्यांचा थर. एवढं बिनचूक काम शहरात कितीजण करतात, माहीत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला अंधारात हाताने जीव ओळखता येतो, आणि तिला हे कौशल्य आहे असं वाटतही नाही. शाळेत जायचं होतं का विचारलं तर ती "हुतं की" म्हणते, तेवढ्याच सहज सुरात. दोन्ही खरं असतं.

वरंध्यातल्या त्या आईचा राग टपरीवरच्या सगळ्यांनाच आला होता. लेकीची फजिती होतेय, मागे गाड्यांची रांग, आणि ही बाई खुशाल उभी. पुढे पुष्कळ घोड्या लादलेल्या पाहिल्या, पुष्कळ गाठी पाहिल्या. मग कळत गेलं की ओझं पोटाखाली गेलेल्या घोडीजवळ दोन माणसांनी एकदम हात घातला तर ती हमखास बुजते. एकानेच, एकाच बाजूने, तिला माहीत असलेल्या हाताने काम करायचं असतं. त्या घोडीला पोरीचा हात माहीत होता. आणि तोकड्या दोरीला तुकडा जोडून शेवटची गाठ मारली ती तिने सुरगाठ मारली होती, हे तेव्हा दिसलं होतं पण लक्षात आलं नव्हतं. आई तिच्या शेजारून पुढे गेली. इतर दोन घोड्यांच्या गाठी तिने जाता जाता बोटाने ओढून पाहिल्या. या घोडीची पाहिली नाही.

वरंध्याचा रस्ता अरुंद आहे. त्या वळणावर एका अंगाला कठडा आणि त्याच्या पलीकडे दरी, दुसऱ्या अंगाने गाड्या. पोरगी कठड्याच्या बाजूने वाकून दोरी कापत होती. आई उभी होती ती घोडी आणि ट्रक यांच्या मधे, पहिल्या ट्रकच्या बंपरपासून दोन पावलांवर, त्याच्याकडे पाठ करून. भोंगा वाजला की तिच्या पदराचं टोक हलायचं. ती हलली नव्हती.